जरीचे निशाण आणि सेफ्टी पिनांचे निशाण

‘जरीपटका’ हा शब्द आपण दिवसातून दहा वेळा उच्चारतो. पत्ता सांगताना, ऑटो ठरविताना, दुकानाची पाटी वाचताना तो सहज ओठांवर येतो. परंतु मुळात तो वस्तीचा शब्द नव्हे, निशाणाचा आहे. मराठेशाहीत भगव्या झेंड्याच्या जोडीला जरीच्या कापडाचे जे निशाण फौजेपुढे चाले, ते जरीपटका. ज्या सरदाराबरोबर ते असे, त्याच्या शब्दाला राज्याच्या शब्दाचे वजन येई. निशाण म्हणजे केवळ शोभेची वस्तू नव्हे. ती एक लिपी आहे; ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही दुरून वाचता येणारी लिपी. आणि दैवाची गंमत अशी, की १९४७ च्या फाळणीनंतर सिंधमधून घरदार सोडून आलेली कुटुंबे ह्या जरीच्या नावाखाली येऊन वसली, तेव्हा त्यांच्यापाशी जर सोडाच, डोक्यावर धड छप्परही नव्हते.

सत्तेचे निशाण जरीचे असावे, ह्यात नवल नाही. तिच्यापाशी पैसा असतो, कारागीर असतात, छापखाने असतात. प्रश्न असा, की ज्याच्यापाशी ह्यांपैकी काहीच नाही त्याने आपले निशाण कशाचे करावे? इंग्लंडमध्ये जेमी रीड नावाच्या एका ग्राफिक कलावंताने १९७६ साली ह्या प्रश्नाला जे उत्तर दिले, त्याने एका बंडखोर संगीताला चेहरा दिला आणि पुढे जगभरच्या राजकीय पोस्टरांचे वळण बदलले. तोच प्रश्न महाराष्ट्रात आणि आपल्या नागपुरातही उभा राहिला होता, आणि येथल्या माणसांनी त्याची आपापली उत्तरे दिली. ही उत्तरे शेजारी शेजारी ठेवून पाहिली, म्हणजे बंडाच्या चित्राचे बळ कशात असते आणि ते कसे नाहीसे होते, हे कळते. आजच्या विवेचनाचा हेतू एवढाच आहे.

प्रथम ग्राफिक कलावंत म्हणजे कोण, हे स्पष्ट केले पाहिजे. चित्रकाराचे चित्र एकच असते. ते भिंतीवर टांगले जाते आणि पाहणाऱ्याला त्याच्यापर्यंत चालत जावे लागते. ग्राफिक कलावंताचे काम छापले जाण्यासाठीच जन्माला येते. पुस्तकाचे मुखपृष्ठ, रेकॉर्डचे वेष्टन, भिंतीवरचे पोस्टर, सभेचे हँडबिल ही त्याची क्षेत्रे. अक्षर, चित्र आणि कोरी जागा ही त्याची तीन हत्यारे. ज्याने आयुष्यात कधी कलादालनाची पायरी चढलेली नाही, त्याच्या हातात हे काम आपण होऊन जाऊन पडते. म्हणूनच चळवळीला चित्रकारापेक्षा ग्राफिक कलावंताची गरज अधिक लागते.

जेमी रीडचा जन्म १९४७ साली लंडनमध्ये झाला. लंडनच्या दक्षिणेला क्रॉयडन नावाचे उपनगर आहे, तेथील कलाशाळेत तो शिकला. १९६८ साली फ्रान्समध्ये विद्यार्थ्यांचा उठाव झाला, त्याचे पडसाद ह्या शाळेतही उमटले आणि विद्यार्थ्यांनी शाळेत ठिय्या दिला. त्यात रीड होता आणि त्याचा मित्र माल्कम मॅक्लॅरेनही होता. १९७० साली रीडने दोघा सोबत्यांसह ‘सबर्बन प्रेस’ नावाचा एक छोटा छापखाना आणि त्याच नावाचे पत्र सुरू केले. क्रॉयडनमध्ये तेव्हा उंच इमारतींचे पेव फुटले होते. त्या इमारतींमागे कोणाचा फायदा आहे, हे उघड करणे हा पत्राचा एक उद्योग होता. पैसा नसल्यामुळे मथळ्यांसाठी नीट अक्षरे विकत घेणे परवडेना, म्हणून जुन्या वर्तमानपत्रांतून अक्षरे कापून ती डिंकाने चिकटविण्याची रीत पडली. एक अक्षर मोठे, दुसरे लहान, एक काळे, दुसरे पांढरे. पळवून नेलेल्या माणसाच्या घरच्यांना खंडणीचे पत्र यावे, तशी ती ओळ दिसे. जी शैली पुढे जगप्रसिद्ध झाली, तिचा जन्म अशा रीतीने हौसेतून नव्हे, तर नडीतून झाला.

ह्या मंडळींवर फ्रान्समधील ‘सिच्युएशनिस्ट’ म्हणविणाऱ्या विचारवंतांचा प्रभाव होता. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की आजचा समाज चित्रांनी आणि जाहिरातींनी माणसाला गुंगवून ठेवतो. तेव्हा तीच चित्रे घेऊन त्यांचा अर्थ उलटवा. मराठी माणसाला हे समजावयाला अवघड नाही. अत्र्यांच्या ‘झेंडूच्या फुलां’नी गंभीर कवींचीच चाल उचलून त्यांना हसविले, ते ह्याच जातीचे शस्त्र होते. फरक इतकाच, की अत्र्यांनी शब्द उलटविले आणि रीडने छापील चित्रे. रीडच्या आधी जर्मनीत जॉन हार्टफिल्डने कात्री आणि डिंक ह्यांच्या साह्याने हिटलरच्या छायाचित्रांची अशीच चिरफाड केली होती. म्हणजे रीडची परंपरा जुनी होती. नवीन होता तो काळ, आणि नवीन होते ते संगीत.

तो काळ इंग्लंडला कठीण होता. बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती आणि १९७६ साली तर ब्रिटिश सरकारला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे कर्जासाठी हात पसरावा लागला. शाळा सोडलेल्या मुलांना काम नव्हते, आणि रेडिओवरचे संगीत श्रीमंतांच्या दिवाणखान्यासारखे गुळगुळीत झाले होते. अशा वेळी तीन स्वर वाजविता आले की पुरे, असे म्हणत काही पोरे गिटारी घेऊन उभी राहिली. हेच पंक संगीत. त्यांतील ‘सेक्स पिस्टल्स’ ह्या वृंदाचा व्यवस्थापक मॅक्लॅरेन होता. त्याने जुन्या मित्राला, रीडला, बोलावून घेतले.

१९७६ च्या नोव्हेंबरात वृंदाची पहिली रेकॉर्ड निघाली, तिच्यासाठी रीडने पोस्टर केले. त्यात ब्रिटनचा राष्ट्रध्वज फाटलेला होता, आणि त्याचे तुकडे सेफ्टी पिनांनी व कागदी चिमट्यांनी एकत्र धरलेले होते. सेफ्टी पिन म्हणजे गरीब घरातली सुई आणि शिंपी. शिवण उसवली आणि शिवावयाला वेळ नसला, की ती लावतात. ज्या झेंड्याखाली जगाचा मोठा भाग होता, तो आता पिनांवर निभावतो आहे, असे ते चित्र एक शब्दही न बोलता सांगत होते.

१९७७ हे राणी एलिझाबेथच्या राज्यारोहणाचे रौप्यमहोत्सवी वर्ष. रस्तोरस्ती तोरणे लागली होती. त्याच सुमारास, २७ मे रोजी, ह्या वृंदाने राष्ट्रगीताचेच नाव उचलून ‘गॉड सेव्ह द क्वीन’ ही रेकॉर्ड काढली. रीडने राणीची अधिकृत तसबीर घेतली. तिच्या डोळ्यांवर कापलेल्या अक्षरांत गाण्याचे नाव चिकटविले आणि तोंडावर वृंदाचे. बाकी काही केले नाही. राणीचा चेहरा विद्रूप केला नाही, तिला शिंगे काढली नाहीत. जिचे डोळे पाहत नाहीत आणि तोंड बोलत नाही अशी सत्ता, एवढेच त्याने दाखविले. रेकॉर्ड दाबणाऱ्या कारखान्यातील कामगारांनीही प्रारंभी काम थांबविले. बी. बी. सी.ने गाणे लावण्यास नकार दिला. तरीही खपाच्या अधिकृत यादीत ते दुसऱ्या क्रमांकावर पोचले. काही ठिकाणी लावलेल्या याद्यांत त्या क्रमांकापुढची जागा कोरी सोडलेली होती. जे नाव छापावयाचे नाही, त्याची कोरी जागाच सर्वांच्या आधी वाचली जाते, हे त्या यादी लावणाऱ्यांच्या ध्यानात आले नाही.

त्याच वर्षी ऑक्टोबरात वृंदाच्या गीतसंग्रहाचे वेष्टन निघाले. त्यावर झगझगीत पिवळ्या रंगावर नुसती अक्षरे होती, एकही छायाचित्र नव्हते. नावात एक ग्राम्य शब्द होता. तो दर्शनी काचेत लावला म्हणून नॉटिंगहॅम येथील एका दुकानाच्या व्यवस्थापकावर खटला भरण्यात आला. बचावातर्फे इंग्रजीचे एक प्राध्यापक साक्षीला आले आणि त्यांनी शब्दाची व्युत्पत्ती सांगितली. तो शब्द जुन्या इंग्रजीइतका जुना असून अश्लील नव्हे, असा त्यांचा निर्वाळा होता. व्यवस्थापक निर्दोष सुटला. एका वेष्टनावरील अक्षरांसाठी न्यायालय भरावे, ही ग्राफिक कलावंताच्या सामर्थ्याची पावतीच म्हणावी लागेल.

ह्या कामाचा परिणाम दुहेरी झाला. एक तर संगीत ऐकणाऱ्या पोरांना कळले, की पोस्टर करावयाला पदवी लागत नाही. १९७६ सालीच लंडनमध्ये ‘स्निफिन ग्लू’ नावाचे एक पत्र निघाले होते. मजकूर टंकयंत्रावर, मथळे जाड पेनाने, आणि प्रती झेरॉक्सवर! अशी शेकडो पत्रे पुढे निघाली. दुसरे असे, की कापलेल्या अक्षरांची ही भाषा राजकीय चळवळींनी उचलली. स्वतः रीडनेही नंतरच्या काळात समलिंगी माणसांवर बंधने घालणारा कायदा, डोईपट्टी, १९९४ सालचे फौजदारी कायद्याचे विधेयक ह्यांच्या विरोधी चळवळींसाठी चित्रे केली. ८ ऑगस्ट २०२३ रोजी लिव्हरपूल येथे त्याचे निधन झाले.

रीडच्या कात्रीची आणि झेरॉक्सवरच्या त्या पत्रांची हकीकत वाचताना मराठी वाचकाला आपली अनियतकालिके आठवल्याशिवाय राहणार नाहीत. लंडनमध्ये हे १९७६ साली घडले. मुंबईत १९५४ सालीच दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ ह्या तरुणांनी ‘शब्द’ हे पत्र सायक्लोस्टाइल करून काढले होते. पुढे अशोक शहाणे ह्यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे ह्यांचे ‘वाचा’, राजा ढाले ह्यांचे ‘येरू’ अशी एकामागून एक पत्रे निघाली. प्रस्थापित मासिकांचे दरवाजे त्यांना बंद होते, किंवा उघडे असले तरी आत शिरण्याची त्यांची इच्छा नव्हती. १९६९ साली तर ह्या पिढीतील काहींनी ‘सत्यकथे’च्या अंकाची मुंबईत जाहीर होळी केली.

ज्या तरुण श्रोत्यांनी सायक्लोस्टाइलचे यंत्र पाहिलेले नाही, त्यांच्यासाठी त्याची रीत सांगतो. मेण चढविलेला एक पातळ कागद असे, त्याला स्टेन्सिल म्हणत. टंकयंत्राची फीत बाजूला सारून त्यावर नुसती अक्षरे ठोकली, किंवा टोकदार लेखणीने ओरखडले, की तेवढ्या भागातले मेण निघून जाई. मग तो कागद यंत्राच्या रुळावर चढवावयाचा आणि दांडा फिरवावयाचा. जेथे मेण गेले तेथून शाई झिरपे आणि खालच्या कागदावर मजकूर उमटे. काही शे प्रती निघाल्या की स्टेन्सिल फाटे. हाताला शाई, कपड्याला शाई, आणि अक्षरही अंमळ पसरलेले. पण मालक नाही, संपादक मंडळ नाही, आणि कोणाची परवानगी नाही. देवनागरीच्या खिळाछपाईत जोडाक्षरे, मात्रा, वेलांट्या धरून शेकड्यांनी खिळे लागत. एवढा सरंजाम पोसणे हे धनिकाचे काम होते. स्टेन्सिलवर मात्र हाताला येईल ते अक्षर उमटत होते.

ह्या मेळ्यातला खरा ग्राफिक कलावंत म्हणजे अरुण कोलटकर. आपण त्यांना कवी म्हणून ओळखतो. ‘जेजुरी’ १९७६ साली निघाली आणि पुढच्याच वर्षी तिला राष्ट्रकुल काव्य पारितोषिक मिळाले. परंतु त्यांचे पोट जाहिरातींच्या चित्रांवर चाले. जे. जे. कला विद्यालयात शिकलेला हा माणूस त्या धंद्यात इतका मानला जाई, की व्यावसायिक कलावंतांच्या संघटनेने त्यांना आपल्या मानकऱ्यांत स्थान दिले. आणि संगीताचे म्हणाल तर अमेरिकेतील ब्लूज आणि रॉक ह्यांचा त्यांना नाद होता, तसेच अर्जुन शेजवळ ह्यांच्याकडे ते पखवाजही शिकले. १९७६ साली चार कवींनी मिळून ‘क्लीअरिंग हाउस’ ही सहकारी प्रकाशनसंस्था काढली, तिच्या पुस्तकांची मुखपृष्ठे कोलटकरांनी केली. दिवसा मालकाचा माल खपविणारा हात रात्री आपल्या मित्रांच्या पुस्तकांना चेहरा देत होता. रीडने जाहिरातीची भाषा उलटविली, ती बाहेरून. कोलटकर त्या भाषेच्या घरातलेच होते आणि तिचे मर्म जाणून होते.

दुसरे नाव राजा ढाले ह्यांचे. ढाले ह्यांना शब्द आणि चित्र दोहोंची दृष्टी होती, आणि अनियतकालिकांची शाई त्यांच्या बोटांना लागलेली होती. १९७२ साली नामदेव ढसाळ, ज. वि. पवार आणि ढाले ह्या मंडळींनी मुंबईत दलित पँथरची उभारणी केली, तेव्हा ह्या पत्रांतली धग साहित्यातून रस्त्यावर आली. पँथर हे नाव त्यांनी अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या ‘ब्लॅक पँथर’ पक्षावरून घेतले होते. त्या पक्षाच्या पत्राला चेहरा देणारा एमरी डग्लस हाही ग्राफिक कलावंतच. तो पक्षाच्या पत्रासाठी जाड काळ्या रेषा आणि बहुधा एखादाच रंग एवढ्यावर चित्रे करी, कारण अधिक रंग परवडत नसत. म्हणजे येथेही नडच वळण घडवीत होती.

येथे एक भेद लक्षात घेण्याजोगा आहे. रोमन अक्षरे सुटी असतात. ती कापून शेजारी ठेवली तरी शब्द होतो. आपल्या अक्षरांना शिरोरेषा बांधून ठेवते. ती तुटली की शब्द लंगडतो. म्हणून रीडची कात्री मराठीत जशीच्या तशी चालणे अवघड होते. मराठी बंडाचे हत्यार कात्रीपेक्षा कुंचला हे होते. गेरू, चुना, नीळ आणि एक कुंचला घेऊन भिंतीवर एका दमात ओढलेली रेघ आणि तिच्याखाली टांगलेली अक्षरे, हे आपले पोस्टर. ते काढणाराही मोहल्ल्यातलाच पेंटर असे. दिवसा दुकानाच्या पाट्या, रात्री सभेची जाहिरात.

आता नागपुराकडे वळू. निशाणाचे राजकारण ह्या शहराला कोणी शिकविण्याची गरज नाही. १ मे १९२३ रोजी येथे झेंडा सत्याग्रह सुरू झाला. चरख्याचे चित्र असलेला खादीचा झेंडा घेऊन सिव्हिल लाइन्सच्या बाजूला जाण्यास सरकारने बंदी केली होती. जमनालाल बजाजांच्या नेतृत्वाखाली रोज तुकड्या निघत आणि रोज पकडल्या जात. देशाच्या कानाकोपऱ्यांतून स्वयंसेवक आले आणि अखेरीस वल्लभभाई पटेलांनी तो लढा ऑगस्टात शेवटास नेला. सरकारला काठी-तलवारीची भीती नव्हती. एका जाड्याभरड्या कापडाच्या तुकड्याची होती, कारण तो कोणत्याही घरात कातून, विणून, रंगवून करता येत होता. पुढच्याच वर्षी कानपूरच्या श्यामलाल गुप्त ‘पार्षद’ ह्यांनी झेंड्याचे गीत लिहिले. निशाण आधी आले, गाणे मागून आले.

१९४२ च्या जुलैमध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनची स्थापना ह्याच शहरात झाली. तिचा निळा झेंडा आणि १९५२ च्या निवडणुकीतील हत्ती ही निशाणी पुढे घरोघर पोचली. हत्ती असा, की लहान मुलानेही कोळशाने भिंतीवर काढावा. आणि ह्या निशाणाला गाण्याची साथ होतीच. भीमराव कर्डकांचे जलसे तीसच्या दशकात गावोगाव फिरत होते. वामनदादा कर्डकांची गाणी वह्यांत उतरून घेतली जात आणि ढोलकी, खंजिरी, पेटी एवढ्या साहित्यावर वस्तीवस्तीत गाइली जात. इंग्रज पोरांचा पंक आणि आपली भीमगीते ह्यांचा सूर एक नाही. तेथे निराशा आहे, येथे आशा आहे. परंतु साधनांचे गणित एकच आहे. जे हाताशी आहे त्यावर उभे राहावयाचे, आणि कोणी व्यासपीठ देईल म्हणून थांबावयाचे नाही.

ह्या साऱ्या गोष्टी केवळ कलेच्या आहेत, असे कोणास वाटेल तर त्याने इंदोऱ्यापर्यंत चालत जावे. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला. त्याविरुद्ध मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरे जळली. त्याच्या निषेधार्थ नागपुरात लोक रस्त्यावर उतरले आणि ४ ऑगस्टला पोलिसांच्या गोळीबारात माणसे मारली गेली. दहा नंबर पुलाजवळ त्यांचे स्मारक आहे. ते नाव वेशीवर लागावयाला १४ जानेवारी १९९४ चा दिवस उजाडावा लागला, आणि तेही जुन्या नावाला जोडून. विद्यापीठाच्या कमानीवरील काही अक्षरे, एवढाच वरवर पाहता वाद होता. परंतु त्या अक्षरांसाठी सोळा वर्षे माणसे चालली, तुरुंगात गेली आणि मेली. अक्षर कोणाचे आणि ते कोठे लागावे, हा प्रश्न किती मोलाचा असतो, ह्याचे ह्याहून स्पष्ट उदाहरण मला ठाऊक नाही.

मग अशा निशाणांचे पुढे काय होते? रीडच्या बाबतीत उत्तर कडवट आहे. २०१५ साली व्हर्जिन समूहाच्या बँकेने त्याची तीच प्रसिद्ध वेष्टने छापलेली क्रेडिट कार्डे बाजारात आणली. सत्तेला आणि पैशाला हिणविण्यासाठी ज्या अक्षरांचा जन्म झाला, तीच अक्षरे उधारीच्या कार्डावर चढली. बाजाराला बंडाची भीती वाटत नाही. तो बंडाचा चेहरा विकत घेतो आणि बाकीचे माणूस बाहेर ठेवतो. कापलेली अक्षरे आता संगणकावर एका कळीने मिळतात. पण त्यांत कात्री नाही, डिंक नाही आणि नडही नाही.

आपल्याकडे हेच निराळ्या मार्गाने घडले. पेंटरचा कुंचला गेला आणि फ्लेक्स आला. आज चौकाचौकांत जे फलक दिसतात, त्यांवर रंगांची कमतरता नाही, चेहऱ्यांची तर मुळीच नाही. वाढदिवस कोणाचा, अभिनंदन कशाचे, हे मात्र रस्त्याने जाणारा वाचीत नाही. सगळे फलक एकाच यंत्रातून निघतात आणि सगळे एकसारखे ओरडतात. ह्याला चळवळींचे फलकही अपवाद राहिलेले नाहीत. जरीचे निशाण पुन्हा आले आहे. फक्त जर प्लास्टिकची आहे.

तेव्हा ह्या विवेचनातून काय घ्यावे? जुनी साधने पुन्हा उकरून काढावीत, असे मी म्हणत नाही. सायक्लोस्टाइलचे यंत्र परत येणार नाही आणि त्याने यावे असेही नाही. घ्यावयाची गोष्ट एवढीच, की रीडची पिन, १९२३ ची खादी, ‘शब्द’ची पसरलेली शाई आणि भिंतीवरचा निळा हत्ती ह्यांत जे बळ होते, ते शैलीचे नव्हते. सांगणाऱ्यापाशी सांगण्यासारखे काही होते, आणि ते त्याने स्वतःच्या हाताने, स्वतःच्या ऐपतीत सांगितले, ह्याचे ते बळ होते. हे जोवर शाबूत आहे तोवर निशाण जिवंत राहते, मग ते कोणत्याही यंत्रावर छापलेले असो. ते सुटले, म्हणजे उरते ते कापड. चौकातला फलक पाहताना आपण एवढाच प्रश्न विचारावा: हा कोणाच्या हाताने लिहिला, आणि ह्यातल्या एका अक्षरासाठी तरी कोणी काही सोसले आहे काय?